कागदावर वाढलेलं मांस

टेक्सासातल्या लॉकहार्ट गावी स्मिटीज मार्केट नावाचं बार्बेक्यूचं, म्हणजे लाकडाच्या जाळावर सावकाश शिजवलेल्या मांसाचं हॉटेल आहे. तिथं मागच्या दारानं शिरावं. पुढचं दार कॉमर्स स्ट्रीटवर आहे, तिथून आलं तर एक लांब बोळ ओलांडावा लागतो. मागून, गाड्या लावतात त्या बाजूनं आलं की दार ढकलल्या ढकलल्या माणूस भट्टीपुढंच उभा राहतो. दोन-चार पावलांवर जमिनीवरच लाकडं पेटलेली असतात. मध्ये कठडा नाही, काच नाही. पोटऱ्यांना आच लागते आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ जातो, कारण भिंती, छत, खांब सगळं वर्षानुवर्षांच्या काजळीनं काळं झालेलं आहे.

ऑस्टिनला आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांना मी याच दारानं नेते. या उन्हाळ्यात माझे वडील आले होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. गाडीतून उतरल्यावर ते थबकले.

"मागच्या दारानं का?"

"भट्टी तिकडं आहे नाना, म्हणून."

ते पुढं काही बोलले नाहीत. पण हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला माहीत होतं, आणि त्याचं माझं उत्तर अर्धंच होतं हेही.

लॉकहार्ट ऑस्टिनच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर आहे. वाटेत १३० क्रमांकाचा टोल रस्ता लागतो. त्यावर ताशी ८५ मैलांची, म्हणजे जवळजवळ १३७ किलोमीटरची वेगमर्यादा आहे, अमेरिकेतली सगळ्यात जास्त. त्या वेगातून उतरलं की गाव एकदम हळू वाटतं. मधोमध १८९४ सालचं कॉल्डवेल काउंटीचं कोर्ट, सभोवती चौकोनात जुनी विटांची दुकानं. लोकवस्ती १४ हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाला टेक्सासच्या प्रतिनिधिगृहानं १९९९ साली ठराव करून 'टेक्सासची बार्बेक्यू राजधानी' म्हटलं. इथल्या बार्बेक्यूच्या हॉटेलांपैकी क्राइट्स मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ सालचं, चिझम ट्रेल त्या मानानं अलीकडचं, १९७८चं. स्मिटीजची इमारत १९२४ची आहे. यातल्या कुठंही जायला चांगले कपडे लागत नाहीत आणि टेबल राखून ठेवावं लागत नाही. रांगेत उभं राहायचं, एवढंच.

नाना साखर कारखान्यात बॉयलरवर होते. फायरमन म्हणून लागले आणि बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झाले. त्यामुळं रांग पुढं सरकली तरी ते जाळापाशीच उभे. आधी त्यांनी लाकडं पाहिली. पोस्ट ओक, इथल्या माळावरचा ओक. तोडून बरेच महिने वाळवल्याशिवाय तो वापरत नाहीत. मग त्यांनी मान वर करून धूर शोधला.

"धूर दिसत न्हाई बघ," मला म्हणाले. "म्हंजे जाळ बरोबर हाय. पांढरा धूर निघाला की समजायचं, जळण ओलं हाय नाहीतर कोंडतंय. आमच्याकडं चिमणीतनं नुसता धूर निघाला की साहेब खाली यायचा."

बार्बेक्यू म्हणजे भरपूर धूर असं पुष्कळांना वाटतं. नानांनी तो गैरसमज एका वाक्यात निकालात काढला. नीट पेटलेल्या, खेळती हवा मिळणाऱ्या जाळाचा धूर पातळ असतो, जवळजवळ दिसत नाही, आणि तोच मांसाला चव देतो. कोंडलेल्या, धुमसणाऱ्या लाकडाचा दाट धूर मांसाला कडू करून टाकतो. इथं जाळ एका टोकाला असतो, धुराडं दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये विटांची लांब, आडवी भट्टी. धुराड्याच्या ओढीनं गरम हवा मांसावरून वाहत जाते. जाळ मांसाच्या थेट खाली नसतो. नानांनी हाताची बोटं पसरून हवेचा प्रवाह कुठून कुठं जातोय ते मला दाखवलं. आयुष्यभर त्यांनी हाच हिशेब केला होता: ओढ किती, हवा किती, जळण किती.

भट्टीवरच्या माणसानं त्यांना पाहिलं आणि झाकण थोडं जास्तच वेळ उघडं ठेवलं. नाना म्हणाले, विचार त्याला, किती डिग्री ठेवतो. मी विचारलं. त्यानं आपला तळहात जाळीच्या वर धरला, क्षणभर थांबला, काढला. मग लांब काट्यानं एक तुकडा दाबून दाखवला: तो आत दबला आणि हलकेच परत वर आला. मी सांगितलं, माझे वडील कारखान्यात बॉयलर चालवायचे. त्यानं नानांकडं वळून म्हटलं, "मग यांना मी काय सांगणार?" मी भाषांतर करायच्या आधीच नानांना ते कळलं होतं.

इथं ज्यासाठी लोक लांबून येतात ते ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीचं मांस. गुराला गळ्याचं हाड नसतं, त्यामुळं पुढच्या अंगाचं वजन छातीच्या आणि खांद्याच्या स्नायूंवरच येतं, आणि उभ्या जनावराचं निम्म्याहून अधिक वजन पुढच्या अंगावरच असतं. जन्मभर ओझं उचललेला हा स्नायू चिवट असतो. त्यात कोलॅजेनचे जाड पडदे असतात. ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढं हळूहळू विरघळायला लागतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. चिवटपणा जातो आणि ओलावा राहतो. घाई केली तर मांस वाळतं पण पडदे तसेच राहतात. म्हणून तासन् तास.

त्यातही एक टप्पा असा येतो की नवशिके घाबरतात. मांसाच्या आतलं तापमान ६५-७० अंशांपर्यंत चढतं आणि तिथंच अडकतं. तासामागून तास जातात, आकडा हलत नाही. इथले लोक त्याला 'स्टॉल' म्हणतात. मी नानांना हे कौतुकानं सांगायला गेले तर ते म्हणाले, "त्यात काय? पाणी उडतंय तवर टेंपरेचर हलायचं न्हाई. सगळी उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडती." बरोबर हेच कारण आहे. मांस घाम गाळतं, तो सुकताना मांसाला थंड करतो. म्हणूनच पुष्कळजण या टप्प्यावर मांस कागदात गुंडाळतात. स्मिटीज आणि क्राइट्सकडं आच मुळातच चढी असते, त्यांचं काम लवकर आटपतं. ब्लॅक्सची पद्धत मंद आचेची. दोन्हीचे कट्टर चाहते आहेत. मला स्वतःला चढ्या आचेची काळी, खरपूस कड जास्त आवडते.

आमचा नंबर आला. मांस वजनावर मिळतं. लाकडी ठोकळ्यावर तुकडा ठेवून माणूस विचारतो, चरबीचं हवं की बिनचरबीचं. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकमेकांवर असतात, एक सपाट आणि कोरडा, दुसरा जाड आणि चरबीदार. नाना म्हणाले, चरबीचं. सुरी धाग्याला आडवी चालली. पेन्सिलीइतक्या जाडीचे काप पडत गेले, प्रत्येकाला बाहेरून मिठामिऱ्याची काळी कड, तिच्या आत गुलाबी रेघ. ही रेघ म्हणजे कच्चेपणा नव्हे. लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतो, म्हणून तो रंग शिजूनही टिकतो. तपकिरी कागदावर काप, शेजारी पोर्क चॉप, एक सॉसेज आणि पांढऱ्या ब्रेडच्या चार चकत्या. कागद दुमडला, वजन केलं, पैसे तिथंच दिले. लोणचं, कांदा, बीन्स, पेय हवं असेल तर पलीकडच्या खोलीत दुसऱ्या काउंटरवर.

ताट नाही. कागद उलगडला की तेच ताट.

पलीकडच्या खोलीत लांब टेबलं आहेत. जागा दिसेल तिथं बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. आमच्या एका बाजूला बुटांना माती लागलेले दोन मेक्सिकन कामगार होते, समोर एक म्हातारं गोरं जोडपं, पलीकडं चर्चमधून सरळ आलेलं काळं कुटुंब, मुली पांढऱ्या फ्रॉकात. सगळ्यांच्या हाताला चरबी लागलेली. म्हाताऱ्या बाईंनी नानांच्या पुढ्यात कागदी रुमालांचा गठ्ठा सरकवला.

नानांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग काळी कड बोटांनी वेगळी केली आणि तेवढीच तोंडात टाकली. "चान्या," ते म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. ज्या घरांच्या वाट्याला मांस कधीतरी आणि एकदमच यायचं, त्यांनी ते टिकवायची ही रीत काढली. नानांची आई करायची. आमच्या घरात मी ते कधी खाल्लं नाही, कारण नाना नोकरीला लागून कॉलनीत राहायला आले आणि वाळत घातलेल्या दोरीकडं शेजारी कसे बघतील ते त्यांना ठाऊक होतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्यापासून बंदी होती, मार्च २०१५मध्ये बैलही त्यात आले. ही चव आता त्यांच्या मुलखात कायद्याच्या बाहेर आहे. टेक्सासातल्या एका बाकड्यावर ती त्यांना भेटली, आणि ती खाताना त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही. मी त्यांच्याकडं पाहत होते म्हणून मला हे माहीत आहे.

आता तो कागद. स्वयंपाकघर मोठं असूनही ताटं का नाहीत? क्राइट्सच्या पाटीवर कित्येक वर्षं का लिहिलेलं होतं की सॉस नाही, काटे नाहीत, थट्टा नाही? हल्ली शहरातली नवी, महागडी बार्बेक्यूची ठिकाणंही तपकिरी कागद अंथरतात आणि त्याला गावरान थाट समजतात. लॉकहार्टमध्ये तो थाट म्हणून आलेला नाही. ही ठिकाणं मुळात खाटकाची दुकानं होती, म्हणून तर नावात अजून 'मार्केट' आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक लोक येऊन स्थायिक झाले. त्यांच्यातल्या खाटकांनी न खपलेलं, कमी प्रतीचं मांस वाया जाऊ नये म्हणून धुरावर शिजवायला सुरुवात केली आणि तुकड्यांची सॉसेजं भरली. घरी न्यायला म्हणून ते कागदात बांधून विकायचे.

ते तिथंच उभ्यानं खायला सुरुवात केली ती कापूस वेचणाऱ्यांनी. हा सगळा कापसाचा मुलूख होता. हंगामात काळे आणि मेक्सिकन मजूर टोळ्यांनी यायचे. दिवसभर राबल्यावर पोटभर शिजवलेलं काही हवं असायचं आणि गावातल्या खाणावळीत त्यांना बसू देत नसत. खाटकाच्या दुकानात मात्र विकत घ्यायला आडकाठी नव्हती. मांस, सोबत किराणा मालाच्या फळीवरचे खारे क्रॅकर, आणि जेवण दुकानाच्या मागं नाहीतर गाडीपाशी. आज आपण जिला टेक्सासची पद्धत म्हणून नावाजतो, हातानं खाणं, कागदावर खाणं, ताटाशिवाय खाणं, ती ज्यांना ताट कुणी दिलं नाही त्यांनी घडवलेली आहे. आणि जाळावरची विद्या तरी कुणाची? आधीच्या पिढ्यांत गोऱ्यांच्या मोठमोठ्या मेजवान्यांसाठी रात्रभर चर खणून, निखारे सरकवत जागायची ती गुलाम माणसं. १९ जून १८६५ला गॅल्व्हेस्टनमध्ये गुलामीच्या अंताचा हुकूम वाचला गेला. तो दिवस टेक्सासातली काळी माणसं तेव्हापासून साजरा करत आली, आणि त्या दिवसाचं जेवण बार्बेक्यूचंच असतं. १९८० पासून ती टेक्सासची अधिकृत सुट्टी आहे, २०२१ पासून साऱ्या देशाची.

अमेरिकेत एका टेबलावर बसण्याच्या हक्काचा सगळ्यात गाजलेला खटलाही एका बार्बेक्यूच्या हॉटेलावरूनच झाला, हे नानांना मी तिथं बसल्या बसल्या सांगितलं. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ऑलीज बार्बेक्यू नावाचं हॉटेल होतं. तिथल्या नोकरांपैकी दोन तृतीयांश काळे होते. काळ्या गिऱ्हाइकाला मात्र आत बसायला बंदी. हवं तर बांधून न्यावं. १९६४चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा मालकांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. आमचं हॉटेल स्थानिक, केंद्राचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर १९६४ला एकमतानं निकाल दिला: हॉटेलाला लागणाऱ्या मालापैकी जवळपास निम्मा, म्हणजे मांस, परराज्यातून येतो, तेव्हा हा आंतरराज्य व्यापार आहे आणि कायदा लागू आहे. मांस कुठून येतं यावरून माणसानं कुठं बसावं हे ठरलं. मला तो निकाल पहिल्यांदा वाचल्यापासून अस्वस्थ करतो. माणूस म्हणून बसू द्या, एवढं म्हणणं पुरेसं का नसावं? पण कायद्याला जिथं पाय रोवता आला तिथं त्यानं रोवला, आणि दार उघडलं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. पोर्क चॉपचं हाड कागदावर ठेवलं, हात पुसले.

"आमच्या गावच्या हाटेलात आमचे कप भाईर खिळ्याला टांगल्याले असायचे," ते म्हणाले. "आपणच काढायचा, आपणच धुवून परत टांगायचा. चहा वरनं वतायचे. पैसं मात्र तेच." मग थोडं थांबून, "आतल्या बाकड्यावर पयल्यांदा बसलो तवा चहाची चव कळलीच न्हाई. सगळं ध्यान दाराकडं."

हे त्यांनी मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटतं, इथल्या टेबलाशी बसल्यामुळं ते निघालं. म्हणून मला ही ठिकाणं महत्त्वाची वाटतात, आणि कुणी त्यांना 'साधंसुधं खेडवळ हॉटेल' म्हणून मोडीत काढलं की राग येतो. लांब टेबल, एकच रांग, सगळ्यांना तोच कागद: हे साधेपण फुकट आलेलं नाही. कुणीतरी आधी बाहेर उभ्यानं जेवलेलं आहे.

स्मिटीजच्या भट्टीची आणखी एक गोष्ट नानांना फार आवडली, ती इथं सांगते. मूळ क्राइट्स मार्केट याच इमारतीत होतं. १९४८ साली तिथं काम करणाऱ्या श्मिट नावाच्या माणसानं ते विकत घेतलं. 'स्मिटी' हे त्याचंच टोपणनाव. त्याच्यामागं धंदा मुलांकडं राहिला आणि इमारत मुलीकडं. दोन्हीकडं पटलं नाही, तेव्हा १९९९मध्ये भावानं जवळच नवी मोठी जागा बांधली आणि क्राइट्सचं नाव तिकडं नेलं. बहिणीनं जुन्या जागेत वडिलांच्या नावानं स्मिटीज सुरू केलं. भाऊ निघताना जुन्या भट्टीतले निखारे टबात भरून रस्त्यानं ओढत नेले गेले, आणि नवी भट्टी त्यांच्यावर पेटवली.

"अग्निप्रदीपन," नाना लगेच म्हणाले. गाळप हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ असतो. संचालक सपत्नीक पूजा करतात, फोटो निघतात. नानांच्या मते खरा हंगाम त्या आधीच सुरू झालेला असतो, फायरमननं भट्टी झाडून, जाळ्या तपासून, सुकं जळण लावून ठेवलेलं असतं तेव्हा. निखारे ओढत नेले हे त्यांना पटलं. कुणी ओढले, टबाला चाकं होती का, रस्त्यात विझू नयेत म्हणून वरून काय घातलं, असं त्यांनी पुष्कळ विचारलं. त्यातलं मला बरंच सांगता आलं नाही.

आता त्यांना लेक्सिंग्टन बघायचंय. तेही ऑस्टिनपासून लांब नाही, पूर्वेला तास-सव्वा तास, लॉकहार्टहून कितीतरी लहान गाव. तिथलं स्नोज २००३ साली सुरू झालं. ते फक्त शनिवारी उघडतं, सकाळी आठला, कारण शनिवारी गावात गुरांचा लिलाव असतो आणि शेतकरी सकाळीच येतात. २००८मध्ये 'टेक्सास मंथली' मासिकानं त्याला राज्यात पहिला क्रमांक दिला आणि गावाबाहेरच्यांना ते कळलं. तिथल्या भट्टीची ख्याती टूट्सी टोमानेत्झ या बाईंमुळं आहे. जन्म १९३५चा, १९६६ पासून या कामात. आठवडाभर शाळेत देखभालीची कामं करून शनिवारी पहाटे त्या भट्टीवर यायच्या. एका बाजूला लाकडं जाळून निखारे करायचे आणि फावड्यानं उचलून मांसाखाली सरकवायचे, ही त्यांची पद्धत. २०१८मध्ये बार्बेक्यू हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं.

नानांनी त्यांचा फोटो माझ्या फोनवर मोठा करून पाहिला. फावडं कसं धरलंय, पाय कुठं ठेवलाय ते पाहिलं. निघायचं ते पहाटे चारला, असं त्यांनीच ठरवून टाकलंय, आणि भेट झालीच तर काय विचारायचं तेही मला सांगून ठेवलंय: भट्ट्या उघड्यावर हायेत, वर नुसता पत्रा हाय, मग पावसाच्या दिवसात जाळ कसा धरता?